आठवा बाइट

नवा बोर्ड बसवला त्या दिवशी भुयारात एकच माणूस होता, रंगारी. पडद्यावर आकडा आला, २५६.

कंट्रोल रूममध्ये हशा पिकला. कोणीतरी आतल्या फोनवर रंगाऱ्याला विचारलं, "आत कितीजण आहात?" तो म्हणाला, "मी आणि माझा ब्रश." त्या दिवसापासून त्याचं नावच 'दोनशे छप्पन्न' पडलं. चहाला हाक मारायचे तीही त्याच नावाने.

मीही हसले. असा आकडा दिसला की मला बरंच वाटतं, कारण त्यामागचं कारण मला पाठ असतं. वीस वर्षं मी हेच काम करते आहे. जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या यंत्रांवर चालते करायचे. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. त्याहून मोठ्याला दोन बाइट लागतात, आणि त्यांतला मोठा भाग आधी ठेवायचा की लहान, यावर प्रोसेसर बनवणाऱ्यांचं आजवर एकमत झालेलं नाही. दारावरचा जुना बोर्ड मोठा भाग आधी पाठवायचा. नवा लहान आधी पाठवत होता, आणि पडद्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. एक माणूस म्हणजे शून्य-एक. तेच उलट वाचलं की एक-शून्य, म्हणजे दोनशे छप्पन्न. एवढंच.

दुपारपर्यंत मी ते सरळ केलं. रंगारी बाहेर आला, पडद्यावर शून्य आलं. मी डबा उघडला.

भुयार पाण्याचं होतं. डोंगरापलीकडच्या तलावातून शहराला पाणी आणणारं, सहाशे चाळीस मीटर लांबीचं. अकरा वर्षांनी ते रिकामं करून आतून दुरुस्त करायला घेतलं होतं. आत जायला दोन दरवाजे होते. एक नंबरचा कंट्रोल रूमला लागून, दोन नंबरचा डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. प्रत्येक लोखंडी दरवाजाच्या आत तीन दांड्यांचा फिरता अडसर होता. माणूस आत गेला की दांडी फिरायची आणि आकडा एकाने वाढायचा. बाहेर आला की कमी. हाच आकडा पाण्याच्या झडपेकडे जायचा. शून्य असेल तरच झडपेचं कुलूप सुटायचं, नाहीतर किल्ली फिरवूनही ती उघडायची नाही. माझं काम त्या कुलपाचा प्रोग्राम नव्या बोर्डावर आणण्याचं होतं.

मुदत चार आठवड्यांची होती. मुख्य अभियंत्यांनी ती तीन केली. त्यांना पाठीमागे सगळे 'घाईसाहेब' म्हणायचे. बूट न काढता खुर्चीत बसायचे आणि बसायच्या आधी उठायचे, अशी त्यांची ख्याती होती. माणूस तसा वाईट नव्हता. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

तिथे आणखी एक व्यक्ती होती, ऑपरेटरताई. पन्नाशीच्या, उंच, फार न बोलणाऱ्या. झडपेची किल्ली त्यांच्या गळ्यात, दोरीला. मी पहिल्या दिवशी नमस्कार केला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आकडा खोटा दाखवता येतो का हो याच्यात?"

"मी लिहिलेल्यात नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

*

डबा खाऊन झाल्यावर मी कच्चे बाइट पाहायला बसले. पडद्यावर काहीही दिसो, तारेतून काय जातंय ते स्वतः पाहिल्याशिवाय मी कुठलंही काम संपलं असं म्हणत नाही.

दारावरून येणारा संदेश आठ बाइटचा होता. पहिला दरवाजाचा नंबर. शेवटचे चार वेळेचे. मधले दोन माणसांच्या आकड्याचे. एक, दोन आणि चार मिळून सात होतात. आठवा कुठला, तर तो रिकामा. प्रोसेसरला दोन बाइटांचा आकडा सम पत्त्यावर ठेवलेला हवा असतो. काही प्रोसेसर विषम पत्त्यावरून वाचायला सांगितलं तर हळू वाचतात, काही सरळ संप करतात. म्हणून प्रोग्राम तयार होताना पहिल्या बाइटनंतर एक जागा आपोआप कोरी सुटते. तिच्यात कोणी काही लिहीत नाही. तिथून कोणी काही वाचतही नाही.

त्या कोऱ्या जागेत 'एक' होता.

भुयार रिकामं होतं. आकड्याचे दोन्ही बाइट शून्य होते. फक्त त्या, कोणाच्याच नसलेल्या जागेत, ०१.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. कोरी जागा म्हणजे कोरी पाटी नव्हे. मेमरीत आधीचं जे काही पडलेलं असेल ते तिथे राहतं. जुन्या भाडेकरूने खिळा तसाच ठोकून ठेवावा, तसं. मी संदेश भरायच्या आधी आठही बाइट पुसून शून्य करणारी ओळ घातली आणि घरी गेले.

सकाळी ०१ तसाच होता.

मग मी ते काम ज्या रीतीने पहिल्यापासूनच करायला हवं होतं त्या रीतीने केलं. संदेशाचा साचा मेमरीतून उचलून जसाच्या तसा तारेत ओतायचा, हा जुन्या लोकांचा आळस. मी तो बंद केला. आता एकेक बाइट हाताने काढायचा, मोठा भाग आधी, आणि एकामागे एक ठेवायचा. प्रोसेसर कुठलाही असो, पत्ता सम असो की विषम, जाणार ते सातच बाइट, ठरलेल्या क्रमाने. मध्ये कोरी जागाच नाही. झडपेच्या बाजूलाही मी पक्का नियम लिहिला. संदेश बरोबर सात बाइटचा हवा. सहा आले, आठ आले, तर तो विश्वासाचा नाही. कुलूप बंदच राहील.

तारेला दोन्ही टोकांना मापन-यंत्र जोडलं. दाराच्या टोकाला मोजलं, सात निघाले.

झडपेच्या टोकाला मोजलं. आठ आले.

दुसरा बाइट ०१ होता.

मी तार बदलली. बोर्ड बदलला. मापन-यंत्रांची अदलाबदल केली. दुपारी भुयारातून सगळ्यांना बाहेर काढून, स्वतः पायी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, प्रत्येक कोनाड्यात टॉर्च मारली. ओल्या सिमेंटचा आणि नव्या रंगाचा वास. पायाखाली बोटभर पाणी. कोणी नव्हतं. बाहेर आले, पाहिलं. सात निघत होते, आठ पोचत होते.

*

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. माझे वडील छापखान्यात जुळारी होते. चाळीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे उलटे वाचून त्यांनी ओळी जुळवल्या. आता डोळे अधू झालेत, पण काम म्हटलं की कान टवकारतात.

"शब्दांच्या मध्ये आम्ही कोरे खिळे घालायचो," ते म्हणाले. "उंचीला कमी असतात. त्यांना शाई लागत नाही. पण कधीकधी छापताना एखादा वर उचलला जातो, आणि कागदावर काळा ठिपका येतो."

"मग काय करायचात?"

"दाबून खाली बसवायचो."

"आणि पुन्हा वर आला तर?"

"मग ओळ कुठेतरी चुकीची आवळली आहे असं समजायचं. खिळ्याला शिव्या देऊन उपयोग नसतो."

*

घाईसाहेबांना मी कागदावर सगळं दाखवलं. ते उभ्या उभ्याच वाचत होते.

"म्हणजे एक बाइट जास्त येतोय."

"हो."

"तो टाकून द्या. आठ आले तर दुसरा सोडून बाकीचे घ्या. किती ओळींचं काम आहे?"

"एक."

"मग?"

"तो कुठून येतो ते मला कळत नाही."

"अहो, कचरा आहे तो."

"कचरा रोज वेगळा असतो, साहेब. हा अकरा दिवस एकच आहे. आणि हे कुलूप माणसं मोजण्यासाठी आहे. ज्या आकड्याचा मला अर्थ लागत नाही तो मी शून्य समजणार नाही."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. नीट, कडा जुळवून. एरवी ते कुठलीही वस्तू अशी ठेवत नसत. "मंगळवारी सकाळी पाणी सोडायचंय," ते म्हणाले. "शहर वाट बघतंय. तुमचा तो एक बाइट नव्हे."

बाहेर ऑपरेटरताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. मला हाताला धरून त्या जिन्याखाली घेऊन गेल्या.

"तुम्ही म्हणालात, एक जास्त दाखवतंय."

"आकड्यात नाही, ताई. आकड्याच्या बाजूला."

"माझा धाकटा भाऊ आहे तो," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज अगदी सपाट होता. कितव्यांदा सांगत होत्या कोण जाणे. मागच्या वेळी, अकरा वर्षांपूर्वी, असंच दुरुस्तीचं काम निघालं होतं. धाकटा वेल्डर होता, दोन नंबरच्या दरवाजाकडे कामाला. त्या दिवशी सकाळी सातजण आत गेले, सहाजण बाहेर आले. आकडा एकावर अडकला. वरिष्ठांनी ठरवलं की यंत्र बिघडलंय, आणि आकडा हाताने शून्य केला. पाणी सोडलं. रजिस्टरात लिहिलं की वेल्डर त्या दिवशी कामावर आलाच नव्हता.

"पुढे पाणी गाळायच्या जाळीपाशीही काही सापडलं नाही. म्हणून म्हणाले, पळून गेला असेल. कर्जबिर्ज असेल. बाई असेल. डबा मी भरून दिला होता त्याला. कामावर नाही तर कुठे घेऊन गेला असता डबा?"

"आकडा शून्य कोणी केला?"

ताईंनी मान उचलून जिन्याच्या वर पाहिलं. वर मुख्य अभियंत्यांचं दार होतं. "तेव्हा ते पाळीवरचे अभियंता होते. घाई तेव्हाही होतीच."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आणि हे सगळं लिहितानाही मी तो शब्द वापरणार नाही. पण मला राग आला. नव्या बोर्डाचा अकरा वर्षांपूर्वीच्या बोर्डाशी कसलाही संबंध नव्हता. मेमरी नवी, तार नवी, प्रोग्राम माझ्या हातचा. तरीही एक आकडा, जागा नसताना, जागा करून येत होता. आणि या इमारतीत त्याला पुन्हा एकदा पुसून टाकायला सांगणारा माणूस तोच होता.

मी वर जाऊन लेखी कळवलं की ती ओळ मी लिहिणार नाही.

*

मंगळवारी सकाळी साडेनऊला मी पोचले तेव्हा ती ओळ लिहून झाली होती. कंत्राटदाराचा कोणी माणूस सोमवारी येऊन करून गेला होता. पडद्यावर शून्य. कुलपाचा दिवा हिरवा. दोन नंबरचा दरवाजा बाहेरून बंद केल्याचा निरोप आला होता. एक नंबरचा तेवढा उघडा होता, शेवटचा.

मी माझा लॅपटॉप तारेला जोडून ठेवला. कच्चे बाइट येत होते. आठ. ०१ जागेवर होता. फक्त आता त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

"ताई, किल्ली लावा," घाईसाहेब म्हणाले.

"आत माणूस आहे," ताई म्हणाल्या.

"पडदा बघा. शून्य आहे."

"मागच्या वेळीही होतं."

खोलीत आठ-दहा माणसं होती. सगळ्यांना एकाएकी आपापल्या कागदांत काहीतरी महत्त्वाचं सापडलं. घाईसाहेबांनी हात पुढे केला. "द्या इकडे. मी फिरवतो."

ताईंनी किल्ली मुठीत धरली. दोरी गळ्यात तशीच होती. साहेबांनी ती धरून ओढली, तशी ताईंची मान पुढे आली.

त्यानंतर मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मी खोलीतून बाहेर पडले, एक नंबरच्या दरवाजातून आत शिरले आणि अडसराच्या दांडीला पोटाने धक्का दिला. दांडी फिरली. मागे कंट्रोल रूममध्ये कुलपाचा भोंगा वाजला, दिवा लाल झाल्याचा. त्यांची एक ओळ माझ्या बाकीच्या प्रोग्रामला काही करू शकत नव्हती. माणूस आत असताना झडप उघडत नाही. ते मीच लिहिलं होतं, आणि नीट लिहिलं होतं.

भिंतीवरचा पहिला फोन मी उचलला. "साहेब, मी आत आहे. आता एक खरोखरचा आहे."

"बाहेर या! वेड लागलंय का?"

"येते. पण दोन नंबरच्या दरवाजातून. तो उघडा."

"तो बंद केलाय. इकडून या."

"नाही येत."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. दोन नंबर उघडा, आणि रजिस्टरात लिहा की त्या दिवशी सातजण आत गेले होते. तुमच्या सहीने. तोवर मी इथेच आहे. माझ्याकडे डबा आहे."

डबा नव्हता. पण फोन ठेवताना मला बरं वाटलं.

*

भुयारात दर चाळीस मीटरवर एक दिवा होता. माणूस जवळ आला की लागायचा, पुढे गेला की काही सेकंदांत विझायचा. मी चालत गेले. माझ्यापुढे दिवे लागत होते, मागे विझत होते. भिंतींवर नवा करडा रंग होता, त्यावर ओलीचे थेंब उभे होते. पायाखालचं पाणी थंड होतं आणि चपलांतून आत येत होतं.

मध्यावर पोचल्यावर मी थांबले. श्वास लागला होता.

माझ्या डोक्यावरचा दिवा लागलेला होता. मागचे सगळे विझले. पुढे अंधार.

पुढचा नव्हे, त्याच्याही पुढचा दिवा लागला.

मी पाहत राहिले. बराच लांब होता, दोन नंबरच्या बाजूला. त्याच्याखाली ओली भिंत आणि जमिनीवरचं पाणी दिसत होतं. पाणी हलत नव्हतं.

मग मधला लागला.

तिथेही कोणी नव्हतं.

मी वायरिंगचा विचार केला. ओल, शॉर्ट, सैल जोड. प्रत्येक कारण मनात नीट मांडलं. ती सगळी शक्य होती. मी हात ओढणीत गुंडाळले.

"मी ताईंच्या ओळखीची आहे," मी मोठ्याने म्हणाले. माझा आवाज भिंतींवरून परत आला, दोनदा. "दरवाजा उघडायला लावलाय. चला."

आणि मी चालू लागले. त्या दिव्याच्या दिशेने. मागे फिरायचं नाही, एवढं एकच मनाशी घट्ट धरलं होतं. मी मधल्या दिव्याखाली आले. तिथे गारवा किंवा वास, असलं काही नव्हतं. फक्त, मी तिथून पुढे गेले तेव्हा तो दिवा लगेच विझला नाही. मला पुढच्या दिव्यापर्यंत पोचू दिलं, आणि मग विझला.

दोन नंबरचा लोखंडी दरवाजा बंद होता. त्याच्या अलीकडे अडसर. मी फोन उचलला.

"कोण?" ताईंचा आवाज.

"मी. दोन नंबरपाशी आहे."

"साहेब नाही म्हणतायत. पण मी माणूस पाठवलाय गाडीने. उघडेल तो. पाच मिनिटं." मग हळूच, "एकट्याच आहात ना?"

मी फोन ठेवला. अडसर माझ्यापासून हातभर लांब होता आणि मी त्याला हात लावलेला नव्हता.

टक्.

दांडी थोडी पुढे सरकून परत आली. दरवाजा बंद असला की अडसरालाही कुलूप लागतं, आणि दांडी तेवढीच हलते.

टक्.

स्प्रिंग, मी स्वतःला सांगितलं. ओलीने आखडलेली स्प्रिंग.

टक्. टक्.

मी दोन्ही हात वर केले. कोणासमोर, ठाऊक नाही. मला दाखवायचं होतं की हे मी करत नाही.

टक्.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दरवाजाचं चाक फिरू लागलं.

आवाज थांबला.

दरवाजा उघडला. ऊन आत आलं. मी दांडी ढकलली, बाहेर आले, आणि थांबून मागे वळले. दरवाजा उघडणारा मेकॅनिक माझ्या शेजारीच होता. त्यानेही पाहिलं. त्याला विचारा, तो आजही सांगेल.

दांडी पुन्हा एकदा फिरली. पूर्ण. सावकाश. एखाद्या थकलेल्या माणसाने ढकलावी तशी.

*

कंट्रोल रूममध्ये परतले तेव्हा सगळे पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर आकडा होता ६५५३५.

याचंही कारण मला पाठ आहे. शून्यातून एक वजा केला की दोन बाइटांचा आकडा मागे गुंडाळला जातो आणि दोन्ही बाइट काठोकाठ भरतात. आत एक गेला होता, बाहेर दोन आले होते. हा आकडा असा आहे की मोठा भाग आधी घ्या की लहान, तो तोच राहतो. उलटसुलट करून त्यातून सुटका नाही.

मी तारेवरचे बाइट पाहिले. सात निघत होते. सात पोचत होते.

घाईसाहेब खुर्चीत बसले होते. पहिल्यांदाच मी त्यांना असं, पाठ टेकून बसलेलं पाहिलं. ताईंनी त्यांच्यासमोर रजिस्टर उघडून ठेवलं होतं. त्यांनी लिहिलं, 'सात'. सही केली. मग म्हणाले, "तुमच्या त्या लॅपटॉपमधलं काढून टाका."

"नाही," मी म्हणाले.

"ते यंत्राचे दोष आहेत. लोक काहीही अर्थ काढतील."

"काढू देत."

माझी नोकरी त्या आठवड्यात गेली. ताईंची जाणार होती, पण ती खोली चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. मी सगळी नोंद तीन ठिकाणी ठेवली आणि चौकशीसाठी अर्ज दिला. त्यानंतर मला दोनदा समजावणीचे फोन आले, एकदा धमकीचा. बिघाडाची चाचणी होती, असं लेखी द्या म्हणाले. मी दिलं नाही. देणारही नाही.

नोंद छापून घ्यायला ताई माझ्या घरी आल्या, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाबा खिडकीशी ऊन खात बसले होते. आम्ही कागद जमिनीवर पसरले. मी दांडीजवळ उभी होते त्या पाच मिनिटांचे संदेश मी तोवर नीट वाचले नव्हते. दांडी नुसती हलली तरी दारावरून एक संदेश जातो. दोन नंबरचा दरवाजा, अडसराला धक्का, एकसष्ट वेळा. पण शेवटचे चार बाइट, वेळेचे, कुठेच बसत नव्हते.

मी ते उलटे वाचून पाहिले. उलट वाचून त्या मंगळवारची तारीख यावी, क्रम चुकल्याचं सिद्ध व्हावं, असं मला फार वाटत होतं. पण उलट वाचून निरर्थक तारीख आली. कारण ते सरळच होते. सरळ वाचले की तारीख अकरा वर्षांपूर्वीची येत होती.

ताईंनी पर्समधून घडी पडून पडून फाटत आलेला एक कागद काढला. जुन्या रजिस्टराच्या पानाची झेरॉक्स. 'दरवाजा क्र. २ बंद, १०:३०. झडप उघडली, १०:४०.' खाली सही, तीच.

"भुयार भरायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"वीस मिनिटं."

ताई ओळी मोठ्याने वाचू लागल्या, एकेका ओळीवर बोट ठेवून. पहिला धक्का १०:३४. मग १०:३४. १०:३४. १०:३५. सुरुवातीला वीस-वीस सेकंदांवर होते. १०:४० नंतर आणखी जवळजवळ. मग त्यांच्यात अंतर पडू लागलं. त्यांनी वाचणं थांबवलं, पण बोट खाली जात राहिलं. खिडकीशी बाबांनी मान वळवली होती.

कागदाच्या तळाशी एकसष्टावी ओळ होती. दरवाजा दोन, धक्का एक. वेळ १०:५७.